तुम्ही विचारलंत म्हणून: चॅटच्या बॉटसाठी लिस्प कशाला?

हा प्रश्न मला महिन्यातनं एकदा तरी येतोच. आयआरसीवर (इंटरनेटवरची जुनी, नुसत्या मजकुराची चॅटची सोय) आमचं मित्रमैत्रिणींचं एक छोटं चॅनल आहे, तिथे मी एक बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम, चालवतो. कोणी "अर्थ पागोळी" असं टाइप केलं की तो त्या शब्दाचा अर्थ सांगतो, शब्द बहुतेक सगळे आमच्या आज्यांच्या तोंडचे. आणि हा बॉट लिस्प घराण्यातल्या कॉमन लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत आहे, सीएल-आयआरसी नावाची ओपन सोर्स लायब्ररी (आयआरसीशी बोलायचा तयार कोड) वापरून. मग लोक म्हणतात, अहो पायथनमधे तासाभरात झालं असतं की. झालं असतं, खरंय. पण मला जे आवडलं ते तुम्हाला एका रात्रीच्या गोष्टीवरून सांगतो.

रात्री साडेअकराला एका मैत्रिणीने नुसतं "अर्थ" लिहून एंटर मारला, पुढे शब्दच नाही. माझ्या फंक्शनने ही शक्यता धरलीच नव्हती, शब्दाच्या जागी निल (लिस्पमधलं "काहीच नाही") आला आणि एरर. दुसरीकडे बहुतेक ठिकाणी काय होतं, प्रोग्राम मरतो, चॅनलमधे "बॉट गेला" असं दिसतं, तुम्ही लॉग उघडून बसता. इथे माझ्या ईमॅक्स एडिटरमधे स्लाइमचा (लिस्पसाठी ईमॅक्सला दिलेली जोड) डीबगर, म्हणजे चूक शोधायची खिडकी, उघडला आणि सगळं जिथल्या तिथे थांबलं. तो मेसेज, तो पाठवणारी, त्याची वेळ, सगळं हातात, कनेक्शनही चालूच. फक्त एक गोष्ट डोक्यात टिकटिकत होती, ती म्हणजे पिंग. आयआरसीचा सर्व्हर अधूनमधून पिंग पाठवतो, तुम्ही पाँग म्हणायचं, नाही म्हटलं तर काही मिनिटांत तो तुम्हाला मेला समजून काढून टाकतो. एरवी ही लायब्ररी पाँग स्वतःहून देते, पण आता तिचा वाचणारा लूपच थांबलेला, म्हणजे घाई. मी फंक्शनमधे दोन ओळी घातल्या, तेवढंच फंक्शन पुन्हा कंपाइल केलं आणि डीबगरला सांगितलं की हीच फ्रेम, म्हणजे फंक्शनचा हा अडकलेला कॉल, परत चालव (कोड डीबगची लेव्हल वाढवून कंपाइल केलेला असला की हे जमतं). आणि त्याच मेसेजला, त्याच कनेक्शनवर, बॉटने उत्तर दिलं, "कोणत्या शब्दाचा?" मधल्या वेळात आलेले मेसेज सॉकेटमधे (नेटवर्कच्या जोडणीच्या टोकाशी) रांगेत थांबलेले, ते एकामागून एक वाचले गेले. चॅनलमधे कोणाला काही कळलंसुद्धा नाही, मैत्रीण एवढंच म्हणाली की आज जरा उशीर लावला त्याने.

म्हणून लिस्प. चालू गप्पा न मोडता बोलणाऱ्याला दुरुस्त करता येतं, आणि चॅट हे असं काम आहे की जिथे न मोडण्याला खरी किंमत असते.

आता लायब्ररीबद्दल. आकाराने ती लहान आहे, एका रविवारी वाचून होते, आणि मी नवीन पोरांना लिस्पच्या पुस्तकाच्या जोडीला तीच वाचायला देतो. आयआरसी मुळात १९८८ साली फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी बनवलं, आणि त्याचे नियम १९९३ च्या आरएफसी १४५९ मधे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) लिहिले गेले. सर्व्हरकडनं साध्या मजकुराच्या ओळी येतात, बास. सीएल-आयआरसी यातल्या प्रत्येक ओळीचा एक ऑब्जेक्ट बनवते आणि प्रत्येक प्रकाराचा क्लास वेगळा, म्हणजे कोणी बोललं तर एक क्लास, कोणी चॅनलमधे आलं तर दुसरा, "हे नाव आधीच घेतलंय" असं सांगणारा ४३३ नंबरचा एरर आला तर त्याचा तिसरा. तुम्ही फक्त आपल्याला हव्या त्या क्लासवर हुक लावायचा, म्हणजे तसा मेसेज आला की चालणारं आपलं फंक्शन. कॉमन लिस्पची ऑब्जेक्ट सिस्टीम शिकायला याच्याइतकं सरळ उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. एक्झाम्पलच्या फोल्डरमधे खरेखुरे बॉट पण आहेत, त्यातला स्पेकबॉट विचाराल त्या फंक्शनची स्टँडर्डमधली लिंक देतो. लिस्पच्या चॅनलमधे वर्षानुवर्षं मिनियन नावाचा बॉट लोकांचे निरोप सांभाळायचा, तोही याच लायब्ररीवर.

हा कोड वाचताना मी एका जागी बराच वेळ थांबलो होतो, टोपणनावांची तुलना करणाऱ्या भागात. आयआरसीच्या नियमाप्रमाणे महिरपी कंस हे चौकोनी कंसांचे स्मॉल लेटर धरतात! कारण तेव्हाच्या फिनिश-स्वीडिश ७ बिटांच्या कोडमधे त्या जागांवर त्यांच्या भाषेतली डोक्यावर टिंबं किंवा गोल असलेली अक्षरं होती, चौकोनी कंसाच्या जागी कॅपिटल आणि महिरपीच्या जागी स्मॉल. एका गावातल्या लोकांची भाषा जगभरच्या चॅटच्या नियमात अशी राहून गेली आणि लायब्ररीने तीही नीट सांभाळली, हे मला फार आवडलं.

आपल्या भाषेचं मात्र इथे जरा कठीण. टोपणनाव देवनागरीत ठेवायला जुन्या नियमात जागाच नाही, म्हणून आमच्या बॉटचं नाव रोमनमधे. आणि आयआरसीची एक ओळ जास्तीत जास्त ५१२ बाइटची, शेवटचे दोन बाइट ओळ संपल्याच्या खुणेचे, त्यात पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि चॅनलचं नाव पण धरायचं. यूटीएफ-८ मधे (अक्षरं बाइटमधे लिहायची आजची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. "स्त्री" एका दमात म्हणतो आपण, पण तिचे सहा तुकडे, म्हणजे १८ बाइट. इंग्रजीवाल्याला साडेचारशे अक्षरं मिळतात तिथे आपल्याला दीडशे.

एकदा मित्राने लांबलचक मराठी मजकूर टाकला, सर्व्हरने तो ५१२ ला छाटला आणि सुरी नेमकी एका अक्षराच्या मधोमध पडली. सीएल-आयआरसी आलेली ओळ आधी यूटीएफ-८ म्हणून वाचून बघते, नाही जमलं तर लॅटिन-१ (पश्चिम युरोपच्या भाषांची जुनी पद्धत, एका अक्षराला एक बाइट) म्हणून. शेवटचं अर्धं अक्षर काही वाचता येईना, म्हणून अख्खी ओळ लॅटिन-१ झाली आणि बॉटला मराठीऐवजी नुसती टोप्या घातलेली युरोपियन अक्षरं दिसली. पण लॅटिन-१ मधे प्रत्येक बाइटला आपलं एक अक्षर असतं, हरवत काहीच नाही, त्यामुळे ओळ परत बाइट करायची, शेवटचे एक-दोन तुटके बाइट सोडायचे, की उरलेली मराठी जशीच्या तशी उभी राहते. हे मी माझ्या हुकमधे घातलं, तेही बॉट चालू असतानाच.

पाठवताना बॉट आता बाइट मोजतो, मर्यादा जवळ आली की मागच्या मोकळ्या जागेपर्यंत सरकतो आणि तिथे ओळ तोडतो. काल रात्री कोणीतरी विचारलं, "अर्थ पागोळी". दोन ओळींत उत्तर आलं, पाऊस थांबल्यावरही पाख्यावरनं गळत राहणारं पाणी, आणि त्याखाली आजी काय म्हणायची तेही, एकही अक्षर न तुटता.