तीन दरवाजावरचा हुकूम

अहमदाबादला गेलेला मराठी माणूस गांधीजींचा आश्रम बघतो, नदीकाठी फिरतो, खाकऱ्यांची पाकिटं बांधून घेतो आणि गाडीत बसतो. साबरमतीच्या पूर्वेचं जुनं गाव राहूनच जातं. अहमदशहाने १४११ मध्ये वसवलेलं हे गाव २०१७ साली भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर ठरलं, तरीही.

ताई आणि मी कालूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून सकाळीच निघालो. इथली वस्ती पोळींची. पोळ म्हणजे एक दरवाजा, आत वळत गेलेला बोळ आणि दोन्ही अंगाला कोरीव लाकडी घरं. बोळ इतका चिंचोळा की समोरून स्कूटर आली की कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. ऊन मात्र खालपर्यंत पोचत नाही, आणि मे महिन्यातल्या अहमदाबादेत याहून मोठी चैन नाही. एका घराच्या चौकात आजी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या पाटाखालीच टाकं होतं. छपरावरचं पावसाचं पाणी त्यात उतरवायचं आणि ते वर्षभर प्यायचं, ही इथली जुनी रीत.

पोळीच्या तोंडाशी खांबावर चबुतरा असतो, म्हणजे पाखरांना दाणे टाकायचा नक्षीदार मंडप. ताई मान वर करून म्हणाली, "आपल्याला वन बीएचके परवडेना आणि कबुतरांना हवेली!" लांबेश्वरच्या पोळीत कवी दलपतराम आपल्या घराच्या ओट्यावर बसलेत, पुतळ्याच्या रूपाने. येणारेजाणारे त्यांच्या शेजारी टेकून फोटो काढतात.

बऱ्याच घरांना मात्र कुलपं. वारस दहा ठिकाणी पांगलेले, सह्या कोण गोळा करणार? हे दुखणं आम्हा पेठेतल्यांना सांगायला नको.

म्हणूनच तीन दरवाजा या तीन कमानींच्या जुन्या वेशीपाशी ताई खिळली. १७५८ पासून साठेक वर्षं हे शहर पेशवे आणि गायकवाडांकडे होतं. त्या काळातला सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने १८१२ साली हुकूम काढला, की बापाच्या मिळकतीत मुलीला तिचा वाटा बिनहरकत मिळावा. मोडेल त्या हिंदूला महादेवापुढे आणि मुसलमानाला अल्लापुढे जाब द्यावा लागेल, असा दमही भरलेला. हे सगळं देवनागरीत, दगडावर. शेजारच्या कोनाड्यात लक्ष्मीचा अखंड दिवा आहे, आणि त्याची वात-तेल पिढ्यान्‌पिढ्या एक मुस्लिम घराणं बघतं. खाली कमानीत चपला, ओढण्या, प्लास्टिकचे डबे यांचा नुसता कल्ला. आम्ही वर बघत उभ्या, तर चपलावाला म्हणाला, "बेन, जरा साइडमां!" गिऱ्हाईक अडत होतं.

"आणि आपल्याकडे?" ताई बाजूला सरत म्हणाली. "हक्कसोडपत्र, वर एक पैठणी, आणि 'माहेर तुटायला नको गं'." आजोबांच्या वाड्याच्या वेळी आम्ही दोघींनीही निमूट सह्या केल्या होत्या. पैठणी तेवढी खरंच छान होती.

तिने दगडाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली मजकुरासकट.

रात्री माणेक चौकात गेलो. सकाळी इथे गाईंना चारा, दिवसभर सराफा आणि दुकानं मिटली की खाऊगल्ली. सँडविचवर चीजचा डोंगर किसला जात असताना ताईने फोन बघितला. दादाच्या दोन निळ्या टिका आल्या होत्या. वहिनीने मात्र अंगठा दाखवला होता.