बेहडा आमच्या हद्दीतला

शिमग्याला यावेळी आठ दिवस सुट्टी काढूनच गेले होते. पालखी घरी येऊन गेली, ओटी भरून झाली, भाऊ-वहिनी आणि मुलं तुतारी एक्सप्रेसने परत मुंबईला गेली आणि मी मागे राहिले, कारण मला राईत, म्हणजे देवीच्या नावाने राखलेल्या रानात जायचं होतं. लहानपणी बाबांचं बोट धरून गेले होते तेवढंच, नंतर दरवेळी दोन दिवस गाव, पाहुणे, देवदर्शन, की लगेच गाडी पकडायची घाई. बाबा गेल्यापासून तर राईचं नावच काढलं नव्हतं कोणी.

गाव राजापूर तालुक्यात, एवढंच सांगते. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे धनेश पक्ष्याच्या ढोलीबद्दल लिहायचंय आणि अशी जागा एकदा नेटवर फिरायला लागली की कॅमेरेवाले येऊन झाडाखाली बसतात, आणि माणसं दिसली की नर चारा घेऊन ढोलीकडे यायला घाबरतो. आत मादी आणि पिल्लं उपाशी. त्यामुळे कमेंटमध्ये कृपया विचारू नका.

दुपारी पेज पिऊन निघाले तर तात्या म्हणाले, "उन्हाची कुठे निघालीस गो बाय? चार वाजू देत." पण मला थांबवेना. तात्या म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, आता गावच्या घरात ते आणि काकू दोघंच असतात.

घरामागची पाखाडी चढली की एकदम सडा, म्हणजे कातळाचं पठार लागतो. मार्चचा सडा बघून कोणालाही वाटेल की इथे काही नाही, काळा करपलेला कातळ, मधेमधे वाळलेलं गवत, आणि यावर्षी तर अर्धा सडा वणव्याने जळलेला होता, पायाखाली राख उडत होती. सातबाऱ्यावर ह्याच जमिनीला पोटखराबा, म्हणजे पिकाला निरुपयोगी, लिहितात. पण जून उजाडून महिना झाला की ह्याच कातळावर पाणी साचतं आणि ऑगस्टपर्यंत सीतेची आसवं, गेंद, तेरडा असा निळा, पांढरा, गुलाबी गालिचा होतो, आणि रत्नागिरीच्या सड्यांवर दीपकाडी नावाची पांढऱ्या फुलांची एक वनस्पती येते, ती मूळची कोकणातलीच. कातळशिल्पंसुद्धा अशाच सड्यांवर. आमच्याच तालुक्यात बारसू, देवाचं गोठणं, देवीहसोळ, रुंढे तळी, कशेळी अशी ठिकाणं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती मी पाहिलाय, जवळजवळ १८ मीटर लांब, समोर उभं राहून तो एका नजरेत मावतच नाही. काही ठिकाणी तर एकशिंगी गेंडा कोरलेला आहे. गेंडा! आज कोकणात गेंड्याची कल्पना तरी करता येते का. ज्यांनी तो कोरला त्यांनी तो कुठेतरी बघितला असणार, म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोरचं रान आपल्यापेक्षा किती वेगळं असेल. आणि आपण त्या जमिनीला खराबा म्हणतो, मला हा शब्दच बदलावा असं वाटतं.

सड्यावरून खाली उतरताना आधी काजू लागतात. बोंडू पिकले होते, तो गोड आंबूस वास सगळीकडे, दोन बोंडू खाल्ले आणि घसा धरला. हा सगळा उतार पूर्वी जंगल होता असं तात्या सांगतात, किंजळ, ऐन, जांभूळ, कोकम. १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड योजना आली, त्यात रोपांना अनुदान मिळालं आणि कोकणातल्या कितीतरी डोंगरउतारांवर आंबा-काजू उभा राहिला. आमच्या उतारावरही. त्या काजूवर माझ्या चुलतभावंडांची शिक्षणं झालीत, त्यामुळे त्याबद्दल वाईट बोलायची माझी इच्छा नाही आणि हक्कही नाही. फक्त काजूच्या बागेत उभं राहिलं की पक्ष्यांचे आवाज कमी होतात हे कळतं. पुढे गेल्यावर फरक आपोआपच ऐकू येतो.

राई कुठे सुरू होते ते सांगायला पाटी नाही. एक मोठी सातवीण आहे, तिच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड, तो राखणदार. तिथे चपला काढायच्या. बाबांनी तेव्हा शिकवलं होतं ते पाय आपोआप आठवले. आत पाऊल टाकलं आणि खरंच अंगावर गारवा आला, बाहेर सड्यावर जीव नको झालेला आणि इथे ओलसर मातीचा वास, वर आकाश दिसत नाही, गारंबीचे वेल माणसाच्या मांडीएवढे जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले, त्यांच्या हातभर लांब शेंगा लोंबतायत. सुरंगी कुठेतरी फुललेली होती, झाड सापडलं नाही पण वास पाठ सोडत नव्हता. भेडला माड, काजरा, उंबर, बकुळ, आणि काही झाडं मला ओळखता आली नाहीत, तात्यांना दाखवायला फोटो काढले.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पातेरा, झाडांचा गळलेला पाला. घोट्याच्या वर पाय जाईल एवढा पातेरा. गावात कुठेही एवढा पातेरा राहत नाही, कारण तरवा (भाताची रोपं करायची जागा) भाजायला, गोठ्यात, आंब्याच्या आळ्यात तो गोळा करून नेतात. राईतला कोणी नेत नाही. पडलेलं लाकूडसुद्धा नेत नाहीत, वाऱ्याने उन्मळून पडलेला एक आंबा तसाच कुजत पडलाय, त्यावर अळंबी आणि शेवाळ. देवीचं आहे ते तिथेच राहणार, बस, एवढाच नियम आहे. फार नड असेल, देवळाच्या कामाला वासा हवा असेल तर गुरवकाका कौल लावतात, म्हणजे देवीची परवानगी मागतात, उजवा कौल मिळाला तरच कुऱ्हाड.

आणि ह्या नियमाचं फळ राईच्या खालच्या टोकाला दिसतं. तिथून पऱ्या, म्हणजे ओढा निघतो. मार्च संपत आला होता आणि पाणी वाहत होतं, बोटभरच, पण वाहत होतं. आमच्याकडे पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरी एप्रिल-मे मध्ये कितीतरी वाड्यांना टँकर लागतो, कारण उघड्या उतारावरून पाणी सरळ खाडीला जातं. जांभा दगड सच्छिद्र, पाणी आत घेतो, खाली शेडी मातीचा थर लागला की ते अडतं आणि डोंगराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. पण आत जायला पाण्याला आधी थांबावं लागतं ना, ते थांबवायचं काम पातेरा आणि मुळं करतात. आमच्या वाडीची विहीर ह्याच पऱ्याच्या काठावर आहे आणि ती मे महिन्यातही आटत नाही, काकू हे दरवर्षी फोनवर सांगते, मला आत्ता कळलं की ती राईबद्दल बोलत असते.

देऊळ छोटं आहे, कौलारू. जीर्णोद्धाराची चर्चा सुरू आहे म्हणे, सभामंडप मोठा करायचा, स्लॅब टाकायचा, त्यासाठी मागची चार-पाच झाडं जातील. अजून ठरलेलं नाही. मी गुरवकाकांना म्हटलं की देवीला स्लॅब हवाय असं तिने कधी सांगितलंय का, तर ते शांतपणे म्हणाले, "ते तू गावच्या बैठकीत विचार." विचारणार आहे.

तर आता ढोली. देवळाच्या मागून पऱ्याच्या कडेकडेने गेले आणि डोक्यावरून भाताच्या गिरणीचा पट्टा फिरतो ना तसा फस् फस् फस् आवाज गेला. मान वर केली तर ककणेर! मलबारी धनेश, काळा पांढरा, चोचीवर ते मोठं शिंग. तो एका प्रचंड बेहड्यावर बसला, मी होते तिथेच पातेऱ्यात खाली बसले आणि अजिबात हलले नाही. बराच वेळ तो नुसता बघत होता. मग खोडाला चिकटला आणि गळ्यातून एकेक फळ वर काढून एका फटीत द्यायला लागला. फट म्हणजे काय, उभी एक रेघ. आत मादी. ती स्वतःला ढोलीत कोंडून घेते, विष्ठा, माती, फळांचा चोथा ह्याने तोंड लिंपून टाकते, आत तिची उडायची पिसंही गळतात, आणि मग महिनोन्महिने ती आणि पिल्लं ह्या एका नराच्या भरवशावर. मी १७ फळं मोजली. नंतर मोजायचं राहिलं, कारण डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते.

तो उडाल्यावर मी हळूच झाडाखाली गेले. खाली बियांचा खच, उंबर, काजरा, आणखी कसल्या कसल्या, आणि त्यातून उगवलेली बोटभर रोपं. काजऱ्याची बी विषारी, पण हे पक्षी वरचा गर खातात आणि बी तशीच टाकतात. कुठल्या कुठल्या डोंगरावरच्या बिया इथे, आणि इथल्या तिथे. रान असं पसरतं.

आणि तेव्हा माझं लक्ष खोडाकडे गेलं. छातीएवढ्या उंचीवर लाल रंगाने आकडा घातलेला होता, १४. शेजारच्या किंजळीवर १५. पुढच्या ऐनावर १६.

मी तशीच घरी पळत आले म्हणा ना. तात्या ओटीवर सुपारी कातरत होते. म्हटलं, तात्या, राईतल्या झाडांवर आकडे कोणी घातले? ते म्हणाले, "राईतल्या नाही गो. राईची हद्द पऱ्यापर्यंत. पऱ्याच्या पलीकडे आपलं आहे, अकरा गुंठे. ठेकेदार येऊन बघून गेलाय दिवाळीनंतर तोडायला."

म्हणजे बेहडा आमचा. पऱ्या ओलांडल्याचं मला कळलंच नव्हतं, झाडांना तर कुठलीच हद्द ठाऊक नाही. पण पऱ्याच्या अलीकडे एका वाशाला देवीचा कौल लागतो आणि पलीकडे अख्खं झाड आमच्या सह्यांवर जातं. कौल वगैरे काही नाही.

मी चिडून काहीतरी बोलले, ते बोलायला नको होतं. तात्या गप्प बसले आणि मग म्हणाले की घराचे वासे बदलायचेत, पैसे कोण देणार, तुम्ही सगळे मुंबईला. आणि मग जरा वेळाने, "माझ्या लहानपणापासून ककणेर त्याच ढोलीत येतात. मला काय बरं वाटतंय काय ते." ह्यावर मला काही उत्तर देता आलं नाही. सातबाऱ्यावर २३ नावं आहेत, त्यात बाबांच्या जागी आता माझं आणि भावाचं. ठेकेदार सगळ्या झाडांचे मिळून ६० हजार देणार, म्हणजे माणशी तीन हजारसुद्धा पडत नाहीत. एवढ्यासाठी शंभर-दीडशे वर्षांचा बेहडा बॉयलरमध्ये जळण म्हणून जाणार.

कायद्याने धनेश संरक्षित आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, पण दिवाळीनंतर तोड सुरू होते तेव्हा ढोली रिकामी असते आणि रिकाम्या ढोलीकडे कोण बघतो. पुढच्या वर्षी जोडी परत त्याच झाडाकडे येते आणि झाडच नसतं. धनेशाला स्वतःला ढोली कोरता येत नाही, त्याला आयती लागते, आणि तेवढी मोठी ढोली जुन्या जाड झाडातच होते. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक रान असं खाजगी मालकीचंच आहे, सरकारी जंगल फार थोडं. मला इतके दिवस वाटायचं की राई सुरक्षित आहे, म्हणजे काळजी नाही. पण राई केवढी, तीन एकर असेल. धनेशाला तीन एकरात वर्षभराची उंबरं मिळतात का? त्याला आमचे अकरा गुंठे लागतात, शेजारच्यांचा वड लागतो, पलीकडच्या वाडीतला पिंपरण लागतो. ते गेलं की राई नुसती देवळामागची सावली उरेल, आणि हळूहळू पऱ्याही जाईल.

रात्री भावाला फोन केला. तो आधी म्हणाला तू पण काय, झाडं परत येतात, मग मी त्याला नराचा व्हिडिओ पाठवला (लांबून काढलेला, झूम करून), दहा मिनिटांनी त्याचा फोन आला, वाशांचे पैसे आपण दोघं देऊ म्हणाला. ठाण्याच्या आत्येला फोन केला, ती म्हणाली मला त्या पऱ्यावर कपडे धुतलेले आठवतायत, मी सही करणार नाही तोडायला. पुण्याचे दोन चुलतभाऊ अजून विचार करतो म्हणालेत, बोरिवलीचे काका फोन उचलत नाहीत. आणि काहीजणांना खरंच पैशांची गरज आहे, त्यांना मी काय सांगणार हे मला अजून नीट सुचलेलं नाही, त्यांचा वाटा आम्ही देऊ शकतो का ते बघतेय.

निघायच्या दिवशी सकाळी तात्या माझ्याबरोबर राईपर्यंत आले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी आले. सातवीणीपाशी चपला काढल्या, राखणदाराला हात जोडले, आणि मी फोटोत दाखवलेली झाडं तात्या एकेक करून सांगत गेले, हे काय, ते काय. बेहड्याजवळ आम्ही गेलो नाही, पऱ्याच्या अलीकडेच थांबलो. नर येऊन गेला. तात्यांनी खिशातून चष्मा काढून नीट बघितलं.

परत येताना म्हणाले, "गणपतीला सगळे येतात. तेव्हा बसवू सगळ्यांना ओटीवर. ठेकेदाराला मी तोपर्यंत थांब सांगतो."

गणपतीची तिकिटं काढलीत.