बारा हजारांच्या आतले मल्टी-इफेक्ट पेडल: तिसऱ्या महिन्याची नोंद

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बदलणारी पेडले, म्हणजे ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाटवणारे), डिले (स्वर थोड्या वेळाने पुन्हा उमटवणारे) वगैरे, एकेक करून जमवायची की सगळे इफेक्ट असलेले एकच पेडल घ्यायचे, हा मागच्या नोंदीत अर्धवट राहिलेला प्रश्न आता सुटला आहे. माझी मर्यादा बारा हजार रुपयांची होती. सराव बहुतेक रात्री दहानंतर, ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, म्हणजे हेडफोनवरच होणार होता आणि महिन्यातून एखाद्या रविवारी मित्राकडे त्याच्या अँपवर (अँप्लिफायरवर) वाजवायचे होते. एवढ्या तीन गोष्टी कागदावर मांडल्यावर निवडीचे निम्मे काम झाले.

सुरुवातीचे दोन आठवडे मी खोक्यावरचे आकडे वाचत राहिलो, पण साठ इफेक्ट आहेत की शंभर, याने हेडफोनवरच्या आवाजात काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो स्पीकर कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकर बसवलेल्या पेटीच्या, आवाजाची पेडल जी नकल करते तिने. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपल्या कानात बसलेला असतो, त्यात स्पीकरचा वाटा फार मोठा आहे, कारण गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग झपाट्याने कमी करतो आणि डिस्टॉर्शनमधली कर्कश टोके तिथेच अडतात. हेडफोन ती जशीच्या तशी कानावर आदळतो. पाहायला गेलो तेव्हा प्रत्येक पेडलवर मी एकच चाचणी घेतली: जाड तारेवर ई पॉवर कॉर्ड वाजवायची आणि ती वाजत असतानाच कॅबिनेट बंद करायचे. क्षणात डब्यात अडकलेल्या माशीसारखी भणभण ऐकू येते आणि पुन्हा सुरू केले की आवाजाला अंग येते. ही नकल ज्या पेडलवर पटेल, तेच माझ्या कामाचे होते.

शेवटी तीन पेडले उरली. बॉसचे जीटी-१ मला आवडले होते, पण नवे घेणे मर्यादेत बसत नव्हते. एनयूएक्सच्या एमजी-३०० मध्ये बाहेरून मिळवलेल्या कॅबिनेटच्या फाइल भरता येतात आणि यूएसबीने थेट संगणकावर ध्वनिमुद्रण होते, त्यामुळे ज्यांना मुद्रण करायचे आहे त्यांनी आधी तेच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी झूमचे जी१एक्स फोर घेतले. त्याचा यूएसबी मार्ग ध्वनिमुद्रणासाठी नाही, ही उणीव मला माहीत होती. पण ते चार एए सेलवर चालते, त्याला एक्स्प्रेशन पेडल (पाऊल दाबत इफेक्ट कमी-जास्त करायची पट्टी) आहे आणि एका वेळी पाच इफेक्ट मिळतात. माझ्या सरावाला तेवढे पुरते.

त्याआधी एक वापरलेले पेडल जवळजवळ घेतलेच होते. त्याच्या एक्स्प्रेशन पेडलला व्हॉल्यूम जोडून टाचेपासून चवड्यापर्यंत अगदी सावकाश दाबले, तेव्हा मधल्या टप्प्यावर आवाज तुटून खरखर येऊ लागली. जुने पेडल घेणाऱ्यांनी एवढी परीक्षा न चुकता घ्यावी. भरभर दाबल्यास हा दोष लपतो.

या महिन्यातली खरी प्रगती गेनमध्ये, म्हणजे आवाज किती फाटवायचा त्यात, आहे. कारखान्यातून आलेले पॅच (इफेक्टांच्या साठवलेल्या मांडण्या) दुकानात छाप पाडतात, पण त्यांत गेन इतका असतो की कॉर्डमधले स्वर वेगळे ऐकूच येत नाहीत. मी एक पॅच रिकामा करून ओव्हरड्राइव्ह, मग अँप आणि कॅबिनेट, मग डिले आणि शेवटी रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) असा लावला आणि अँपचा गेन इतका उतरवला की गिटारची व्हॉल्यूम खुंटी सातवर आणली की आवाज जवळपास स्वच्छ व्हावा. आता उजव्या हाताच्या चुका लख्ख ऐकू येतात, आणि मला तेच हवे होते. डिलेची वेळही मोजून लावतो. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा, त्याचा पाऊण भाग ५०० चा. एवढे लावले की उमटणारा स्वर लयीतच पडतो.

मित्राच्या अँपवर हाच पॅच तोंडावर उशी धरल्यासारखा घुसमटला, कारण नकललेले कॅबिनेट आणि खरा स्पीकर यांचा परिणाम दुहेरी होत होता. पेडलमधले अँप आणि कॅबिनेट बंद करून अँपच्या स्वच्छ चॅनेलवर वाजवले, तेव्हा तक्रार मिटली. त्यामुळे आता प्रत्येक पॅचच्या दोन प्रती ठेवतो, एक हेडफोनसाठी आणि एक अँपसाठी.

गुणगुण अजून पूर्ण गेलेली नाही. माझ्या गिटारला तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन टिपणारी एकेरी गुंडाळी) आहेत आणि ते घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण उचलतात. पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी नेला की मधला पिकअप शेजारच्याबरोबर चालू होतो आणि तो उलट गुंडाळीचा असल्यामुळे ती नाहीशी होते; सेलवर वाजवले तरी कमी होते, म्हणजे काही दोष अडॅप्टरच्या वाटेनेही येत असावा.

सध्या पेडलमधल्या लूपरवर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारी सोय) बारा बारच्या, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या बारा भागांच्या, ब्लूजचा सराव चालू आहे. बारा बारचे ४८ ठोके होतात आणि लूपरची मर्यादा ३० सेकंदांची आहे, म्हणून मिनिटाला ९६ ठोक्यांपेक्षा संथ लयीत पूर्ण आवर्तन त्यात मावत नाही. मी १०० वर वाजवतो आहे. त्यात आवर्तन २८.८ सेकंदांत बसते, आणि दहाव्या बारमध्ये अजून घाई होते.