छतावर मोशन सेन्सर लावताना : जागा, वायर, रेझिस्टर आणि चाचणी

मोशन सेन्सर खोटा वाजू लागला की दोन-चार रात्रींत माणसं बर्गलर अलार्म लावायचाच बंद करतात. पॅनेल भिंतीवर असतं, त्याचा दिवाही जळत असतो, पण राखण कोणाचीच होत नसते. अशा बहुतेक तक्रारींत सेन्सर ठीक निघतो, चुकलेली असते ती जागा. भिंतीवरचा सेन्सर निदान ब्रॅकेटवर थोडा फिरवता येतो. छतावरचा एकदा बसला की सरळ खालीच बघतो. म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी घालवलेला अर्धा तास नंतरच्या सगळ्या सेटिंगपेक्षा मोलाचा आहे.

आधी हे ठरवा, की छतावरचाच सेन्सर हवा आहे का? चार बाय चार मीटरच्या साध्या खोलीत कोपऱ्यातला भिंतीवरचा सेन्सर उत्तम काम करतो. छतावरचा खरा उपयोगी पडतो तो भिंती कपाटांनी किंवा काचेने भरलेल्या असतील तिथे, रॅकच्या गल्ल्यांमध्ये, चारी बाजूंनी दारं असलेल्या हॉलमध्ये आणि सामान सतत हलत असेल अशा जागी. घरात मोकळं फिरणारं मांजर किंवा कुत्रं असेल तर मात्र जपून. भिंतीवरच्या काही मॉडेलमध्ये जमिनीलगतचा पट्टा सोडून बघण्याची सोय असते. वरून बघणाऱ्या भिंगाला मांजराची उंची आणि माणसाची उंची असा फरक तितक्या सहज करता येत नाही.

असे मोशन सेन्सर बहुधा पीआयआर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड, प्रकारचे असतात. पीआयआर सेन्सर काही सोडत नाही, तो फक्त उष्णतेचे किरण टिपतो. आतल्या पायरोइलेक्ट्रिक घटकासमोर (उष्णता बदलली की विजेचा सिग्नल देणारा भाग) साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या लहरी जाऊ देणारी खिडकी असते आणि माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता याच पट्ट्यात सर्वांत तीव्र असते. बाहेरचं पांढरं प्लास्टिकचं भिंग खोलीचे अनेक झोत पाडतं, झोत आणि मोकळी फट असे आलटून पालटून. गरम वस्तू एका झोतातून फटीत आणि फटीतून पुढच्या झोतात गेली की सिग्नल वर-खाली होतो आणि तीच हालचाल धरली जाते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, स्थिर उष्णता त्रास देत नाही, झपाट्याने बदलणारी देते. दोन, खोलीचं तापमान ३३-३५ अंशांवर गेलं की त्वचा आणि फरशी यांच्यातला फरक जवळजवळ संपतो आणि सेन्सरची पोहोच आखडते. म्हणून तापणाऱ्या पत्र्याच्या शेडसाठी तापमानानुसार स्वतःची संवेदनशीलता बदलणारा सेन्सर घ्या आणि पोहोच धरताना हात राखून धरा.

आता सर्वांत जास्त फसवणारा आकडा. पेटीवर 'व्यास ७ मीटर' असं छापलेलं असतं. ते वर्तुळ फरशीवरचं असतं, आणि माणूस काही फरशीवर पसरलेला नसतो. समजा सेन्सर २.७ मीटर उंचीवर आहे आणि त्याचा शंकू १०५ अंशांचा आहे. त्रिज्या म्हणजे उंची गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन, इथे सुमारे १.३. फरशीवर त्रिज्या ३.५ मीटर आली, म्हणजे व्यास ७ मीटर. पण छातीच्या पातळीवर, जमिनीपासून १.२ मीटरवर, सेन्सरपासूनची उंची उरते फक्त १.५ मीटर. तिथे त्रिज्या जेमतेम १.९५ मीटर, म्हणजे व्यास चार मीटरहूनही कमी! वर्तुळाच्या कडेला चालणाऱ्या माणसाचे बूट आणि पोटऱ्याच काय त्या झोतात येतात, आणि कपड्याबुटांनी झाकलेला तो भाग फरशीपेक्षा फारसा गरम नसतो. म्हणून आखणी कमरेच्या पातळीच्या वर्तुळावर करा. मोठ्या हॉलमध्ये दोन सेन्सरची वर्तुळं याच पातळीवर एकमेकांत शिरली पाहिजेत. उंची मॉडेलच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेतच ठेवा. बहुतेकांची ती साधारण २.४ ते ३.६ मीटर असते. त्याहून वर गेलं की वर्तुळ कागदावर मोठं दिसतं, पण एकेक झोत इतका रुंद होतो की माणूस त्याचा छोटासाच तुकडा व्यापतो आणि सिग्नल मलूल पडतो.

हाच १.३ चा आकडा बीम आणि पंख्यासाठीही वापरा. स्लॅबखाली ४५ सेंटीमीटर उतरलेला बीम सेन्सरपासून ०.४५ गुणिले १.३, म्हणजे साधारण ६० सेंटीमीटरच्या आत असेल, तर त्याच्या पलीकडचा भाग सावलीत जातो. पंख्याचं पातं छतापासून ३० सेंटीमीटर खाली फिरत असेल, तर पात्याचं टोक सेन्सरपासून आडवं किमान ४० सेंटीमीटर लांब हवं. १२०० मिलिमीटरच्या पंख्याला त्यात ६० सेंटीमीटर पात्याचे मिळवले की मध्यापासून मध्यापर्यंत १ मीटर होतं. मी दीड मीटरच धरायला सांगेन. रात्री माणसं घरात झोपलेली असताना अर्धवट आर्म केलेल्या, म्हणजे फक्त काही सेन्सर जागे ठेवलेल्या सिस्टीममध्ये पंखा चालूच असतो, आणि तेव्हाच ही चूक अंगाशी येते.

एसीचा झोत थेट सेन्सरवर किंवा त्याच्याखालच्या फरशीवर पडू देऊ नका. काचेतून ऊन येत असेल तर ते कुठे पडतं ते दिवसभरात दोन-तीनदा पाहून घ्या. काच या लांब लहरी अडवते हे खरं, पण ऊन आत येऊन फरशी आणि पडदा तापवतं. ढग सरकला की ती जागा पटकन निवते, आणि तो तापलेला पडदा हलला तर सेन्सरच्या दृष्टीने खोलीत कोणीतरी चाललेलं असतं. हीटर, ओव्हन, हॅलोजन यांच्या थेट वर सेन्सर नको. खोलीत फुगे किंवा टांगती सजावट असेल तर तीही झोतात येते.

मायक्रोवेव्ह जोडलेला ड्युअल सेन्सर (पीआयआरसोबत लहरी सोडून हालचाल टिपणारा) घेत असाल तर त्याची पोहोच खोलीच्या मापाइतकीच कमी करा. मायक्रोवेव्ह जिप्समच्या पार्टिशनमधून आरपार जातो आणि प्लास्टिकच्या पाइपमधलं वाहतं पाणीही त्याला हालचाल म्हणून दिसतं. फॉल्स सीलिंगच्या वर तर असे पाइप असतातच. पीआयआरने दुजोरा दिल्याशिवाय अलार्म होत नाही, पण मायक्रोवेव्ह सतत जागा राहिला तर ड्युअल घेण्याचा फायदाच संपतो.

वायरीकडे येऊ. एका सेन्सरला किमान चार कोर लागतात : दोन १२ व्होल्टच्या पुरवठ्याला, दोन झोनला, म्हणजे पॅनेलवरच्या ज्या जागी सेन्सरचा सिग्नल जातो तिथे. टॅम्पर, म्हणजे झाकण उघडल्याचं सांगणारा स्विच, वेगळा न्यायचा असेल तर सहा. मी सहा कोरचीच वायर ओढायला सांगेन. वरच्या पाइपातून पुन्हा वायर काढण्यापेक्षा दोन कोर रिकामे पडून राहिलेले परवडतात. ०.२२ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या कोरचा रोध मीटरला सुमारे ०.०८ ओहम. पॅनेलपासून ४० मीटरवर जाऊन परत, म्हणजे ८० मीटर, ६.४ ओहम. एक सेन्सर १५ मिलिअँपिअर खात असेल तर घट ०.१ व्होल्ट, काहीच नाही. पण त्याच जोडीवर आठ सेन्सर लटकवले तर १२० मिलिअँपिअरला पाऊण व्होल्ट गेला. मेन्स चालू असताना हे कळत नाही. वीज गेल्यावर बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरली की टोकाला पावणेदहा उरतात, आणि अनेक सेन्सर ९-९.५ व्होल्टच्या खाली भरवशाचे राहत नाहीत. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असेल तर घट दीडपटीच्या घरात जाते. त्या वायरीच्या नादी लागू नका. मेन्सच्या वायरींपासून समांतर धावताना ३० सेंटीमीटर अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

रेझिस्टर हा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा भाग. झोनच्या वायरीतला रोध पाहूनच पॅनेल तिची अवस्था ओळखतं. एंड ऑफ लाइन रेझिस्टर म्हणजे लाइनच्या शेवटी, सेन्सरच्या डबीत बसवायचा. तो पॅनेलच्या टर्मिनलवरच बसवला तर पॅनेल समाधानी दिसतं, पण मधली वायर कोणी शॉर्ट केली तर त्याचा पत्ताही लागत नाही. दोन रेझिस्टरच्या दुहेरी पद्धतीत एक रेझिस्टर अलार्मच्या संपर्काला समांतर आणि दुसरा टॅम्परसोबत सिरीजमध्ये येतो. दोन्ही ४.७ किलोओहमचे असतील तर पॅनेलकडून वायर सोडवून मीटर लावल्यावर शांत असताना ४.७, हालचाल झाल्यावर ९.४, झाकण उघडल्यावर अनंत, आणि वायर शॉर्ट असेल तर शून्याजवळ दिसलं पाहिजे. किंमत पॅनेलनुसार बदलते : १, २.२, ४.७, ५.६, १० किलोओहम, काहीही असू शकते. माहितीपत्रक पाहूनच लावा. हे मोजमाप सेन्सरला १२ व्होल्ट मिळत असतानाच करा, कारण आतला रिले पुरवठा असतानाच बंद राहतो. पुरवठा तुटला की तो उघडतो आणि अलार्म देतो, आणि तसंच व्हायला हवं. दोन सेन्सर एका झोनवर सिरीजमध्ये टाकता येतात, पण मग कोणता वाजला ते कळत नाही. पॅनेलवर जागा असेल तर एकाला एक झोन द्या.

बसवायला लागण्याआधी पॅनेल सर्व्हिस मोडमध्ये घ्या, मग मेन्स आणि बॅटरी दोन्ही सोडवा. स्लॅबला ६ मिलिमीटरच्या बिटने ३५ मिलिमीटर खोल भोक, ६ ची गिट्टी (स्क्रूसाठीचा प्लास्टिकचा प्लग) आणि तिच्या मापाचे स्क्रू पुरतात. लाइटच्या पॉइंटपासून स्विचबोर्डाकडे जाणाऱ्या सरळ रेषेत भोक पाडू नका, स्लॅबमधला पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. बिट सळईला लागला तर जोर न करता दोन-अडीच सेंटीमीटर सरका. ड्रिलिंग चालू असताना सेन्सरचा सर्किट बोर्ड बाहेर ठेवा. सिमेंटची धूळ टॅम्परच्या स्विचमध्ये बसते आणि मग महिनोन्महिने त्रास देते. आतल्या पायरो घटकाच्या काळसर खिडकीला बोट लावू नका. लागलंच तर मऊ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

फॉल्स सीलिंगच्या टाइलवर नुसते स्क्रू मारून भागत नाही. टाइल दार आपटल्यावरही थरथरते आणि तिच्याबरोबर सेन्सरही. टाइलच्या वर प्लायचा तुकडा टाका, त्याची टोकं ग्रिडच्या पट्ट्यांवर टेकवा आणि स्क्रू त्या प्लायमध्ये घ्या.

वायर १५-२० सेंटीमीटर जादा ठेवा, पण ती डबीत कोंबू नका, वर ढकलून द्या. टोकं ६ मिलिमीटर सोला, पीळ द्या, टर्मिनलबाहेर तांबं दिसता कामा नये. मग वायरीचं भोक सिलिकॉनने किंवा पुट्टीने बुजवा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि बहुतेक जण तेच गाळतात. त्या भोकातून वरची गरम हवा डबीत उतरते आणि मुंग्या-कोळी आत शिरतात. पायरो घटकाच्या तोंडावरून गेलेला कोळी माणसाइतकाच मोठा सिग्नल देतो. बेस कसताना स्क्रू आवळून तो वाकवू नका. छत खडबडीत असेल तर टॅम्परची स्प्रिंग नीट दबत नाही, मग तिथे पातळ पॅकिंग द्या.

पुरवठा दिल्यावर अर्धा-एक मिनिट सेन्सर स्थिरावतो, तोवर चाचणी करू नका. पल्सचा जंपर (किती सिग्नलनंतर अलार्म द्यायचा ते ठरवणारी पिन) आधी १ वर, एलईडी चालू. प्रत्येक दारातून आणि खिडकीतून वेगवेगळं, नेहमीच्या चालीने आत या. दिवा पेटला तिथे फरशीवर खडूने खूण करा आणि पुढच्या फेरीआधी सेन्सर शांत होऊ द्या. मग फार हळू चालून, मग वाकून. बिनतारी सेन्सर बॅटरी वाचवायला एकदा वाजल्यावर काही मिनिटं गप्प बसतात. त्यांना चाचणी मोडमध्येच तपासा, नाहीतर चांगला सेन्सर बिघडला म्हणून परत जाईल. खुणा पाहून एखादी बाजू कमी पडली तर सेन्सर सरकवा. एखादी बाजू नको असेल, उदाहरणार्थ हीटरची, तर भिंगाच्या आतून मास्किंगचा स्टिकर लावा. पल्स २ किंवा ३ करणं हा शेवटचा उपाय, कारण त्याने खोट्या अलार्मबरोबर खरी पकडही उशिरा होते.

तरीही सेन्सर खोटा वाजला तर आधी पॅनेलच्या नोंदीतली वेळ पाहा. रोज दुपारी ठराविक वेळेला वाजत असेल तर ऊन. एसी सुरू झाल्यावर लगेच वाजत असेल तर झोत. रात्री अवेळी, एकच झोन वाजत असेल तर डबी उघडून किडा शोधा. वीज जाताना-येताना वाजत असेल तर बॅटरी आणि वायरीतली घट मोजा. सगळे झोन एकदम वाजले तर सेन्सरला हात लावू नका, पुरवठा तपासा.

झोनचा प्रकार ठरवताना मुख्य दाराच्या मार्गातल्या सेन्सरला 'फॉलोअर' द्या. दार आधी उघडलं तर तो विलंबाचा वेळ पाळतो, खिडकीतून कोणी आलं तर लगेच वाजतो. रात्रीच्या मोडमध्ये झोपायच्या खोल्यांचे झोन वगळलेले आहेत का, तेही त्याच वेळी पाहून घ्या. भिंग सहा महिन्यांनी ओलसर कापडाने पुसा. रंगकाम होणार असेल तर सेन्सर झाका आणि रंगाऱ्यांचं काम संपल्यावर ते आवरण काढून पुन्हा एकदा सगळ्या दारांतून चालून बघा.