पानी कोठे टाकतस?

आमच्या गाडीबद्दल सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. "भो, यामा पानी कोठे टाकतस?" ॲव्हरेज किती देते हा प्रश्न नंतर, विकायची का हा त्याच्याही नंतर. आमच्याकडे अमळनेरला नळाला पाणी कधी येणार त्यावर घरातलं धुणं ठरतं, पाहुण्यांना कधी बोलवायचं तेही ठरतं. अशा गावात पाण्याचा प्रश्न पहिला येणारच.

गाडी म्हणजे फोक्सवॅगन बीटल. 1968 सालची, 1300 सीसी इंजिनाची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती धुळ्याच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा मी चौथीत होतो आणि तिला तेव्हाच सगळे 'जुनी गाडी' म्हणायचे. अण्णा मिलमध्ये फिटर. कासवासारखी दिसणारी ही गाडी दारात आल्यावर गल्ली जमली, पुढचं झाकण उघडलं गेलं, आणि आत स्टेपनी आणि पेट्रोलची टाकी. इंजिनच नाही. कोणीतरी म्हणालं, फसले फिटर. मग अण्णांनी मागचं झाकण उघडलं. तिथे इंजिन होतं, पण रेडिएटर नव्हता, आणि गल्ली पुन्हा बुचकळ्यात पडली. शेवटी आमच्या शेजारच्या बापूंनी, जे जन्मभर बुलेट चालवत आले होते, निकाल दिला, "तुम्ही फटफटीमा पानी टाकतस का?"

त्यापेक्षा सोपं करून मलाही आजवर सांगता आलेलं नाही. चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे झोपवलेले. त्यांच्या अंगावर बुलेटच्या इंजिनासारख्याच पत्र्यासारख्या पातळ झालरी. फरक एवढाच, की फटफटीचं इंजिन उघडं असतं आणि धावताना वारा त्याला आपसूक लागतो. हे बिचारं मागे डब्यात कोंडलेलं, म्हणून त्याला पंखा. पंखा डायनामोच्या दांड्यावर, डायनामो पट्ट्यावर, पट्टा इंजिनावर. पंख्याचा वारा पत्र्याच्या एका मोठ्या खोक्यातून चारी सिलिंडरवर वाटला जातो. उरलेली जबाबदारी तेलाची. तेलही फक्त अडीच लिटर, आणि त्याला कागदी फिल्टर नाही, तळाशी नुसती जाळी. त्यामुळे तेल वेळेवर बदललं तरच खैर. आमच्याकडे दोन तारखा ठरलेल्या, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. काढलेलं काळं तेल बापूंच्या बैलगाडीच्या आखाला जायचं. बैलगाडी गेली, आता ते दाराच्या बिजागऱ्यांना पुरतं.

या गाडीत पाण्याला खरंच काही मान नाही. काच धुवायच्या पिचकारीला तेवढं पाणी लागतं, पण तेही वाऱ्याच्या जोरावर उडतं: पिचकारीची नळी स्टेपनीला जोडलेली असते आणि स्टेपनीतली हवा पाण्याला ढकलते. काच फार धुतली की स्टेपनी मऊ पडते. इंजिनाचा मुख्य डबा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. तो पेटला तर त्यावर पाणी मारायचं नाही, आग आणखी भडकते. म्हणून अण्णांनी मागच्या सीटखाली वाळूची पिशवी ठेवलेली असायची. मीही ठेवतो. आणि पेट्रोलची रबरी नळी दर वर्षी बदलतो, कारण ती इंजिनावरूनच जाते आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं. ही नळी काही फार महाग नाही. इथे कंजुषी करणाऱ्या माणसाने ही गाडी ठेवूच नये.

वाऱ्यावर चालणारी गाडी, आणि आमचा वारा कसा? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात. दुपारी बोरी नदीच्या कोरड्या पात्रावरून जो वारा येतो तो भाकरीच्या तव्यावरून आल्यासारखा असतो. लोक विचारतात, असल्या वाऱ्याने इंजिन गार कसं होणार? होतं, कारण इंजिनाला आपल्यासारखं गार व्हायचंच नसतं. त्याची झालर दीडशे अंशांच्या पुढे तापलेली असते. तिला पंचेचाळीसचा वारा म्हणजे थंडीच. मला हा हिशोब दहावीत कळला आणि त्या उन्हाळ्यात मी गाडीचा हेवा केला.

पट्टा तुटण्याचा प्रसंग सांगायलाच हवा. आम्ही धुळ्याहून लग्न आटोपून येत होतो, भर वैशाख, दुपारचे दोन. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला आणि अण्णांनी कोणाला काही न सांगता गाडी बाजूला घेऊन बंद केली. माझी आत्या म्हणाली, पुढच्या गावापर्यंत तरी ने. पण इथे ती सोय नसते. पाण्याच्या गाडीत पट्टा तुटला तर आतल्या पाण्याच्या जिवावर थोडं रेटता येतं. इथे पट्टा तुटला की पंखा थांबला, वारा बंद. लाल दिवा लागला की आधी थांबायचं, मग विचार करायचा. एवढा एकच नियम अण्णांनी मला गाडी शिकवताना ओरडून सांगितला होता.

शेजारच्या शेतातून एक म्हातारे बाबा आले. गाडी थांबलेली, मागचं झाकण उघडं. त्यांनी काही विचारलं नाही. परत गेले आणि विहिरीवरून पाण्याची बादली भरून घेऊन आले. ऐन वैशाखात, स्वतःच्या कपाशीच्या वाफ्याला पाणी नसताना. "टाका," म्हणाले. अण्णा क्षणभर गोंधळले. मग त्यांनी त्या बादलीतलं पाणी तोंडावर मारलं, आम्हाला पाजलं, आत्याच्या रुमालावर ओतलं. बाबांना बरं वाटलं. त्यानंतरच अण्णांनी सांगितलं की गाडीत पाणी नाही, पट्टा तुटला आहे. बाबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मंग असं सांगो ना. इंजिनना पट्टा तुटना." विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा पट्टा त्यांनी आयुष्यभर चढवला होता, त्यांना आणखी काही समजवावं लागलं नाही. जुना पट्टा ओढून काढायला तेच पुढे झाले.

नवा पट्टा गाडीत होताच. डायनामोची पुली दोन चकत्यांची असते. 21 नंबरच्या पान्याने नट सोडायचा, पुलीच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर अडकवून ती धरायची, पट्टा चढवायचा. दोन चकत्यांच्या मध्ये पातळ पातळ वायसर असतात. ते मधून काढले की पट्टा घट्ट, मध्ये घातले की सैल. काढलेले वायसर फेकायचे नाहीत, बाहेरच्या बाजूला त्याच नटाखाली ठेवायचे. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. बाबांनी स्वतःच्या अंगठ्याने दाबून पाहिला आणि मान हलवली. वीस मिनिटांत आम्ही निघालो.

आणखी एकदा ती तापली, तेव्हा पट्टा शाबूत होता. दिवाळीनंतरचे दिवस, भाव वाढायची वाट पाहत कापूस घरात आढ्यापर्यंत रचलेला. पारोळ्याला जाऊन आलो तर मागून तेलाचा जळका वास. तेल पाहिलं, पट्टा पाहिला, काही सापडेना. शेवटी पंख्याचं खोकं उतरवलं, आणि डाव्या सिलिंडरांच्या बोडक्यावर उंदराचं घर निघालं. सरकी खाऊन टाकलेली, कापूस नीट पिंजून अंथरलेला, आणि मधोमध मायच्या जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी. सुगरणीलाही असं जमलं नसतं. मायने ती चिंधी ओळखली आणि कुठलं लुगडं, ते कोणाच्या लग्नात आलेलं, हे सगळं सांगितलं. मी अजूनही पावसाळ्यात गाडी उभी राहिली की पंख्याच्या तोंडाशी हात घालून चाचपतो.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते म्हणजे टॅपेट, व्हॉल्व्हला दाबून उघडणारा भाग.

दर पाच हजार किलोमीटरवर तो आणि व्हॉल्व्ह यांच्या मधली फट मापून पाहायची. आमच्या इंजिनाला 0.15 मिलिमीटर. काम इंजिन पूर्ण गार असताना करायचं, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर, पहाटे. गाडीखाली पोतं अंथरायचं, स्क्रू ड्रायव्हरने तारेची कडी खाली ओढायची की झाकण सुटतं आणि थोडं तेल कोपरापर्यंत ओघळतं. मग 13 चा पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि फीलर गेजची पाती. पाती फटीतून जाताना किंचित अडखळली पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तशी. अण्णा असेपर्यंत मी बॅटरी धरायचो. अण्णा गेल्यावर आता माय धरते. ओट्यावर पाट घेऊन बसते आणि वाकून उजेड पाडते. वय अठ्ठ्याहत्तर, पण हात हलत नाही. तिने पन्नास वर्षं शिलाई मशीन चालवली आहे.

टॅपेटची गंमत अशी की फट जास्त झाली तर तो वाजतो. टक टक टक. चालवणाऱ्याला कानकोंडं होतं, शेजारी बसणारा विचारतो काय वाजतंय. पण त्याने फारसं बिघडत नाही. फट कमी झाली की मात्र तो गप्प होतो. एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तापून तापून लांबत जातो, फट बुजते, मग तो नीट मिटत नाही. मिटला की आपल्या बैठकीला टेकून तो अंगातली आग बाहेर देतो. टेकताच आलं नाही तर आग आतच राहते, आणि एक दिवस त्याचा कडेचा लचका जळून जातो किंवा मानच तुटते. तोवर एक आवाज नाही. म्हणून अण्णा म्हणायचे, गाडी फार छान, शांत चालायला लागली की उघडून बघ.

आणि हे बहुतेक तीन नंबरच्या बाबतीत घडतं. डावीकडचा पुढचा सिलिंडर. कारण या जुन्या इंजिनांत तेल गार करणारा कूलर पंख्याच्या खोक्यातच, बरोबर तीन नंबरच्या डोक्यावर उभा असतो. बाकीच्यांना ताजा वारा, तीन नंबरला कूलरमधून तापून आलेला, तोही कमी. 1971 च्या इंजिनापासून हा कूलर तिथून हलवून वेगळ्या कप्प्यात बसवला, त्याला स्वतःची वेगळी वाट दिली. आमची गाडी त्याच्या आधीची.

यंदा चैत्रात बसलो होतो. एक नंबर ठीक, दोन ठीक. तीन नंबरच्या एक्झॉस्टला पाती जाईचना. 0.10 ची पातीसुद्धा जाईना. गेले दोन महिने गाडी कशी अगदी शिवणयंत्रासारखी चालली होती, मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. मायने विचारलं काय झालं. मी खालूनच तिला सगळं सांगितलं: पंखा, वारा, कूलर, तीन नंबर.

"कूलरमुळेच तपस?" तिला हसू आलं. मग थोड्या वेळाने, "मंग बोलना नही का तो?"

"नही ना. तीच तर गोष्ट."

ती काही म्हणाली नाही. बॅटरी तशीच धरून राहिली. मी नट सैल केला, स्क्रू पाव फेरा मागे घेतला, पाती घातली, पुन्हा घट्ट केला. हात काम करत होते आणि डोक्यात आमची बैठक यायला लागली. गेल्या वर्षी आम्ही मोठा कूलर घेतला, लाकडाच्या भुश्याच्या जाळ्यांचा, पंचवीस बादल्या पाणी पिणारा. बैठकीच्या पूर्वेच्या खिडकीत बसवला. त्या खिडकीतून आधी वारा यायचा आणि मधल्या दारातून थेट स्वयंपाकघरात जायचा. सबंध उन्हाळा आम्ही बैठकीत गार बसलो होतो. माय आत कळण्याच्या भाकरी थापत होती, चेहरा लाल, पदराने कपाळ टिपत. मी दोन-तीनदा विचारलंही होतं, "माय, गरम होत नाही ना?" ती म्हणायची, नाही रे, मला सवय आहे. आणि आम्ही ते ऐकून पुन्हा कूलरसमोर जाऊन बसायचो.

मी गाडीखालून बाहेर आलो. 13 चा पाना हातात होताच. कूलरच्या लोखंडी स्टँडचे नटही त्याच मापाचे निघाले. दोन सहज सुटले, दोन गंजलेले होते, त्यांच्यावर तेल सोडून ठेवलं आणि कूलर उत्तरेच्या खिडकीत कसा बसेल ते टेपने मापायला लागलो.

ओट्यावरून मायचा आवाज आला, "ते काय करी राह्यना? पहिले गाडीनं झाकन लाव. तेल सांडी राह्यनं."