माहेरचे दुखणे

सकाळच्या राउंडला मी वॉर्डात पोहोचले, तेव्हा आदल्या रात्री दाखल झालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या केसपेपरवर त्वचेच्या गंभीर जंतुसंसर्गाचे निदान लिहिलेले होते आणि तिला शिरेतून अँटिबायोटिक सुरू होते. ताप उतरत नव्हता. अंगभर कातडी लालबुंद झाली होती आणि त्या लालीवर टाचणीच्या टोकाएवढ्या असंख्य पिवळट पुळ्या होत्या. पोटावर आणि मांड्यांवर त्या एकमेकींत मिसळल्याने पुवाची लहान तळी साचल्यासारखी दिसत होती. तालुक्याच्या दवाखान्यातून सोबत आलेल्या तपासणीच्या कागदावर मात्र पुवात जंतू वाढले नाहीत, असे स्पष्ट लिहिलेले होते. मी तिला जीभ बाहेर काढायला सांगितली. जिभेवर पांढरट कडेचे, वेड्यावाकड्या आकाराचे लाल चट्टे होते, आणि आई म्हणाली, "ते तर लहानपणापासून आहेत."

जंतू नसलेला पू, जिभेवरचे हे चट्टे आणि त्याआधीची हकीकत यांचा मेळ बसत होता. अंगावर पुरळ आले म्हणून गावाकडे कुणीतरी तिला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या, बरे वाटताच त्या एकदम बंद केल्या होत्या आणि त्यानंतर आठवडाभरात हे सगळे उसळले होते. सर्वांगावर पुवाच्या पुळ्या आणणारा हा सोरायसिसचा दुर्मीळ प्रकार जिवावर बेतू शकतो.

निदान सांगताच वडील म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाला आहे सोरायसिस. त्याचंच आलं हिच्यात." पलंगाच्या पायथ्याशी बसलेल्या आजीला ते मान्य नव्हते. "आमच्याकडं असलं काही नाही. हे हिच्या माहेरचं दुखणं आहे," असे त्या सुनेकडे पाहत म्हणाल्या. सून खाली मान घालून मुलीच्या पायांना पांढरे मलम लावत राहिली.

"घरात कुणाला असा त्रास आहे का?" एवढे विचारून आपण थांबतो, ते पुरेसे नसते असे माझे ठाम मत आहे. मी वंशावळ काढायला घेतली. आई-वडिलांचे नाते विचारले, तेव्हा कळले की वडिलांनी मामाच्या मुलीशी लग्न केले आहे. म्हणजे आजी सुनेची सख्खी आत्याच होत्या आणि ज्या माहेराला त्या दोष देत होत्या, ते त्यांचेही माहेर होते. कागदावर त्या लग्नासाठी मी नात्यातले लग्न दाखवणारी दुहेरी रेघ ओढली, आणि त्या रेघेपासून निघालेल्या दोन्ही वाटा वर जाऊन मुलीच्या एकाच पणजोबा-पणजीपाशी मिळाल्या.

काकांचा आजार वेगळ्या जातीचा होता. कोपरांवर, गुडघ्यांवर जाड, चंदेरी पापुद्र्यांचे चट्टे, विशीच्या आत सुरुवात आणि घसा दुखल्यानंतर वाढणारा त्रास, असे त्याचे रूप होते. या नेहमीच्या सोरायसिसचा धोका अनेक जनुकांच्या लहानमोठ्या वाट्यांनी ठरतो आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरील, प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए-सी०६:०२ या जनुकप्रकाराचा असतो; तो असणाऱ्यांत आजार बहुधा लवकर सुरू होतो आणि घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गाने चेतवला जातो. तरीही तो असलेल्या बहुसंख्य लोकांना सोरायसिस कधीच होत नाही, आणि एकसारख्या जुळ्यांतही एकाला होऊन दुसरा कोरा राहिलेला आढळतो.

मुलीच्या बाबतीत मला संशय होता तो एकाच जनुकाचा. २०११ साली ट्युनिशियातील ९ कुटुंबांच्या अभ्यासातून आयएल३६आरएन या जनुकाचा दोष उजेडात आला, आणि त्यांतही नात्यातली लग्ने होती. दुसऱ्या गुणसूत्रावरचे हे जनुक जे प्रथिन बनवते, ते इंटरल्यूकिन-३६ या संदेशवाहक प्रथिनाने चेतवलेल्या दाहाला ब्रेक लावते. आई आणि वडील अशा दोघांकडूनही सदोष प्रत आली, तर तो ब्रेक निकामी होतो. या आजाराच्या प्रत्येक रुग्णात हा दोष सापडतो असे नाही, पण ज्यांच्यात सापडतो त्यांचा आजार लहान वयात सुरू होतो आणि अधिक तीव्र असतो.

तिचे लग्नाचे वय लक्षात घेऊन अ‍ॅसिट्रेटिन हे सोरायसिसवरचे औषध टाळले, कारण ते गर्भाला घातक असते आणि बंद केल्यानंतरही ३ वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू केले, रक्तदाब आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनवर लक्ष ठेवले. इंटरल्यूकिन-३६ चाच मार्ग रोखणाऱ्या स्पेसोलिमॅबला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे, पण आमच्या वॉर्डापर्यंत ते औषध आलेले नव्हते. काही दिवसांतच नव्या पुळ्या येणे थांबले आणि कातडी सालपटांसारखी निघू लागली.

जनुकीय तपासणीचा अहवाल आला तेव्हा ती चालत ओपीडीत आली होती. दोन्ही प्रती सदोष होत्या. तिच्या संमतीने मी सगळ्यांसमोर सांगितले की एक प्रत आईकडून आली आहे आणि एक वडिलांकडून, तीही बहुधा एकाच पूर्वजाची. आजी बराच वेळ अहवालाकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यातूनबी आलं असंल." मी होय म्हटले. या एका वाक्यासाठी त्या सुनेने किती वर्षे ऐकून घेतले असेल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

मग मुलीने स्वतः विचारले, "सर्वांनी आत्याच्या मुलाशी लग्न ठरवलंय. करू की नको?" उत्तर देणे माझे काम नव्हते; हिशेब मांडणे मात्र होते. वडील वाहक, म्हणजे एक सदोष प्रत असूनही स्वतः निरोगी, म्हणून त्यांची बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी, तिचा मुलगा वाहक असण्याची चारात एक, आणि तसे असेल तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता निम्मी. म्हणजे तपासणी न करता पाहिले तर आठात एक. मुलगा वाहक नसेल, तर अपत्ये फक्त वाहक होतील. नात्याबाहेरच्या मुलाशी लग्न केले, तर धोका फारच कमी.

"त्याची तपासणी होते का?" तिने विचारले. होते, म्हटल्यावर तिने वडिलांकडे पाहिले, आणि पुढच्या बुधवारी आत्याच्या मुलाला घेऊन येण्याचे ठरले. निघताना मी तिच्या कार्डावर आजाराचे नाव आणि पोटातून किंवा इंजेक्शनने स्टेरॉइड देण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे, ही सूचना मोठ्या अक्षरांत लिहून दिली. आजींनी ती मला मोठ्याने दोनदा वाचून दाखवायला लावली.