फोर्टमधलं पंचाहत्तरीचं जेवण: मोठा ग्रूप असेल तर बुकिंगच्या आधी हे वाचा

बाबांची पंचाहत्तरी होती म्हणून आम्ही ११ जण पुण्याहून सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबईला गेलो, म्युझियम बघितलं, तिथपर्यंत सगळं मस्त. जेवणाबद्दल मात्र सविस्तर लिहितेय, कारण दोन दिवस झाले तरी डोकं शांत झालेलं नाहीये.

रेस्टॉरंट फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. फोनवर मी मुद्दाम सांगितलं होतं की सोबत वयस्कर माणसं आहेत, तरी कुणी लिफ्टचं बोललं नाही. आईचे गुडघे दुखतात, त्या उंच लाकडी पायऱ्या ती कठड्याला धरून एकेक करत चढली. वर गेल्यावर कळलं की आठच्या वर माणसं असतील तर मेन्यू कार्डवरून ऑर्डर करताच येत नाही, सेट मेन्यूच घ्यायचा, माणशी २,२००, आणि माझ्या सहा वर्षांच्या भाच्याचेही पूर्ण पैसे. मी फोनवर विचारलं होतं तेव्हा "मॅडम, आल्यावर बघून ऑर्डर करा" असं सांगितलं होतं! तेव्हाच उठायला हवं होतं. पण दीड वाजून गेलेला, बाबांना शुगर, आता दुसरीकडे ११ जणांना जागा कोण देणार म्हणून बसलो. तेही सहा आणि पाच असं दोन टेबलांवर, मधे दुसरंच एक कुटुंब.

दही कबाबच्या प्लेटमध्ये चार कबाब. माणसं ११. अनलिमिटेड आहे म्हणाले, पण पुढची प्लेट यायला पंचवीस मिनिटं. नान एका वेळी दोन यायचे, माझ्यापर्यंत आला तो गार, वरचं बटर थिजून पांढरं झालेलं, तोडायला दोन्ही हात लागले. काळी डाळ खरंच सुंदर होती, दाट आणि मस्त धुराचा वास, पण ती आली तेव्हा नान नाहीत आणि नान आले तोवर डाळीवर साय धरलेली. बिर्याणीच्या हंडीचं कणकेचं सील समोर फोडून दाखवलं, सगळ्यांनी फोटो काढले, आणि खाली भाताचा नुसता गोळा. पावणेतीनला येऊन म्हणे किचन तीनला बंद होतं, म्हणून बिर्याणी संपायच्या आत गुलाबजाम टेबलावर.

आता पाणी. वेटर येतो, "वॉटर, मॅडम?" म्हणेपर्यंत त्याने झाकण फिरवलेलं असतं, कट्ट असा आवाज येतो आणि बाटली तुमची झाली. बाटलीला २५० रुपये, आमच्या ९ बाटल्या झाल्या म्हणजे नुसत्या पाण्याचे २,२५०. बसल्या बसल्या स्पष्ट सांगा, साधं पाणी आणा, आणि दोन टेबलं असतील तर दोन्हीकडे सांगा. आमच्या दुसऱ्या टेबलावर सगळी मुलंच होती, पाच बाटल्या तिथेच उघडल्या गेल्या.

बिल ३०,५४९.७५. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज, २,६४५ रुपये, आणि वर त्याच्यावरही ५ टक्के जीएसटी. मॅनेजर म्हणाला आमची पॉलिसी आहे, मेन्यूवर लिहिलंय. लिहिलेलं असलं तरी चालत नाही! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही आणि तो जेवणाच्या बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी घ्यायचा नाही, आणि दिल्ली हायकोर्टाने २८ मार्च २०२५ ला तेच कायम केलं. हे मी त्याला तीनदा शांतपणे सांगितलं. भाऊ म्हणत होता जाऊ दे ना ताई, बाबांचा दिवस आहे. पण बाबाच म्हणाले, बोल तू. मग मी १९१५ लावायला घेतला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करून ठेवा, आणि तो रिंग व्हायच्या आत मॅनेजर "मी बघतो" म्हणून आत गेला. नवीन बिल २७,७७२.५०. २,७७७ रुपये वाचले, आणि खरं सांगते, अख्ख्या दुपारीत तेवढाच आनंद झाला. तिथे टिप द्यायची तर वेटरच्या हातात द्या. आम्ही दिली, त्याची काही चूक नव्हती.

माझं स्पष्ट मत, सहापेक्षा जास्त माणसं असतील तर इथे जाऊ नका. चौघं असाल तर जा, डाळ खा आणि निघा. ग्रूपसाठी दुसरीकडे कुठेही बुकिंग करताना सेट मेन्यू कितीच्या पुढे, लहान मुलांचे किती, एकच टेबल मिळणार का, लिफ्ट आहे का आणि किचन किती वाजता बंद होतं, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, फोनवरचं कुणी मान्य करत नाही. आणि साडेबाराचाच टाइम घ्या. दीडला पोचलं की सगळं घाईत उरकतात.

५.१० च्या डेक्कन क्वीनने परत निघालो. गाडी सुटल्या सुटल्या बाबा म्हणाले डायनिंग कारमध्ये चला, भूक लागलीय. तिथे त्यांनी कटलेट मागवली, गरम होती, आम्ही पण खाल्ली.